दुधी, मेण आणि दम

तारपा शिकणाऱ्याची पहिली परीक्षा सुरांची नसते, दमाची असते.

फुंकर शिरते ती वाळवून पोकळ केलेल्या दुध्यात. त्याच्या पोटाला शेजारी-शेजारी बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्या आत थरथरणाऱ्या पातळ जिभा, आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. कुठे बारीकशी फट राहिली तरी हवा गळते आणि आवाज बसतो. म्हणून मेण कुठे लावायचं, हेही शिकण्यातच येतं.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर या शिकवणीला वही नाही. घरातला थोरला अंगणात वाजवतो, पोर त्याच्या बोटांकडे बघत बसतं. बोटं लवकर जमतात. अडतं ते श्वासापाशी. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलता ढकलताच नाकाने नवी आत ओढायची. सूर मध्येच तुटला तर नाचणाऱ्यांची पावलंही अडखळतात, कारण चाल बदलली की रिंगणही वळण बदलतं.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्याकडे हे वादन वडिलोपार्जित आलं. नव्वदी ओलांडल्यावर, २०२६ साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वाद्याची अशी घरगुती शिकवणी चित्रांतही उतरते; सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा तर तो आवडता विषय. योहानेस व्हर्मीरच्या १६६०च्या दशकातल्या चित्रात एक स्त्री पाठमोरी उभी राहून पेटीसारखं तंतुवाद्य वाजवते, शेजारी एक पुरुष उभा आहे, आणि तिचा चेहरा दिसतो तो फक्त वरच्या आरशात. खोलीत त्या दोघांखेरीज कुणी नाही.

वारली चित्रात अशी बंद खोली सापडत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी गेरूच्या रंगावर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने तारपा नाच रंगवला, तेव्हा वाजवणाऱ्याभोवती माणसांची साखळी शंखासारखी वेटोळी घेत गेली. त्या साखळीत शिकवणीही आहे, फक्त ती वेगळी काढून दाखवलेली नाही. कमरेत हात गुंफून नाचणाऱ्या पोराला चाली आधी पायांतून कळतात. दुधी हातात येतो तो त्यानंतर.

भात-नागलीची कापणी उरकली की नाचाचे दिवस येतात. तोवर जुना तारपा उतरवून त्याचे सांधे तपासायचे आणि मेण पुन्हा लावायचं. दुधीच तडकला असेल, तर वेलावरचा नवा नीट आकाराचा दुधी हेरून वाळत घालायचा.