खटका

ऑर्गनवादक जिमी स्मिथ यांच्या 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' या ध्वनिमुद्रिकेविषयी चार शब्द लिहावेत, एवढीच संपादकांची फर्माईश होती. परंतु ज्या फिलाडेल्फिया शहरातील एका गोदामात स्मिथ यांनी एकांतात ऑर्गनचा रियाज केला, तेथील एका वृद्ध कारागिराने हॅमंड बी-थ्री या ऑर्गनची मागची फळी माझ्यासमोर उतरवली आणि माझे चित्त त्या यंत्रातच गुंतले.

मुद्रिकेचे दप्तर आटोपशीर आहे. २५ एप्रिल १९६० रोजी न्यू जर्सीतील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या उंच छताच्या स्टुडिओत स्मिथ, सॅक्सोफोनवादक स्टॅन्ली टरेंटाइन, गिटारवादक केनी बरेल आणि ड्रमवादक डोनाल्ड बेली एकत्र आले. 'ब्लू नोट' कंपनीने ही मुद्रिका बाजारात आणली ती १९६३ साली. या मेळ्यात बासवादक नाही हे चटकन ध्यानात येत नाही, कारण तो सारा कारभार स्मिथ यांचा डावा हात आणि पाय परस्पर सांभाळतात.

आपल्या नाट्यसंगीतातला ऑर्गन भात्याच्या वाऱ्यावर बोलतो. या पेटीत वाऱ्याला थाराच नाही. कारागिराने 'स्टार्ट'चा खटका दाबून धरला, मनाशी आठ अंक मोजले, मग 'रन'चा खटका ओढला, आणि घड्याळे बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंड यांच्या कल्पनेतली ९१ पोलादी चक्रे चुंबकांसमोर गुणगुणू लागली. प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क असतात. ते अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत, म्हणून स्वराच्या आरंभी 'टक्' असा बारीक आघात उमटतो. चर्चच्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय देऊ पाहणाऱ्या निर्मात्यांच्या लेखी हा दोष होता. स्मिथ यांनी मात्र आवाजाचा पोत ठरवणाऱ्या नऊ दांड्यांपैकी पहिल्या तीन पूर्ण बाहेर ओढून, 'पर्कशन'ची जोड देऊन, त्या आघाताला गायकाच्या तोंडच्या व्यंजनाचे स्थान दिले. शीर्षकगीताच्या ब्लूजमध्ये प्रत्येक स्वर उच्चारल्यासारखा येतो तो यामुळेच. पुढे ऑर्गनवादक जोई डिफ्रान्सेस्को यांच्या पिढीने हाच उच्चार गिरवला.

आता तक्रारीचा भाग. या वाद्याचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यास थांबले. बाक आणि पायपट्ट्यांसह ४०० पौंडांहून अधिक भरणारा हा बोजा जिन्यावरून चढवण्यास हमाल राजी होत नाहीत, आणि सुटे भाग मृत ऑर्गनांच्या पोटातून काढावे लागतात. हातात उचलून नेण्याजोगे डिजिटल ऑर्गन तर त्या 'टक्'च्या मूळच्या दोषाचीही इमानाने नक्कल करतात, किंबहुना तो किती हवा हे ठरवण्याची सोयही देतात. त्यांना तेल लागत नाही. या पेटीला लागते. छोट्या नरसाळ्यांत ओतलेले तेल सुताच्या दोऱ्यांतून झिरपत एकेका अक्षापर्यंत पोहोचते, आणि त्या गतीला घाई ठाऊक नाही.

कारागिराने मोजून थेंब सोडले, बाटलीला बूच लावले आणि फळीच्या आतल्या अंगावर, वर्षानुवर्षांच्या तारखांखाली, पेन्सिलीने आजची तारीख लिहिली. त्याखाली बरीच जागा कोरी होती.