धावपट्टी बदलली की शर्यत बदलते

सातारा-सांगलीकडच्या माणसाला शर्यत म्हटले की बैलगाडी आठवते, घोडा नाही. घोडे धावतात ते पुण्याच्या रेसकोर्सवर नाहीतर मुंबईच्या महालक्ष्मीला. आमच्याकडे मैदान भरते ते पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, किंवा खानापूर-आटपाडीच्या एखाद्या माळावर. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. लोक जनावराबद्दल बोलतात, हाकणाऱ्याबद्दल बोलतात, बक्षिसाबद्दल तर बोलतातच. ज्या जमिनीवर ते जनावर धावते तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझी सारी नोकरी माण, खटाव, आटपाडी या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून गेली. माझ्यासमोर आणला जाई तो बैलाचा दुखावलेला पाय, आणि पायाची चौकशी करता करता गाडी मैदानाच्या मातीवर येऊन थांबे. म्हणून आज जमिनीबद्दल बोलायचे आहे.

जमीन बदलली तर काय काय बदलते, याचा एक मोठा आणि महागडा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. तिकडे घोड्यांच्या मोठ्या शर्यती गवतापेक्षा मातीवर जास्त होतात. मातीवर घोड्यांचे पाय मोडण्याचे प्रमाण फार, म्हणून कॅलिफोर्नियाच्या घोडेशर्यत मंडळाने २००६ साली राज्यातल्या मोठ्या रेसकोर्सना कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक धावपट्टी घालण्याची सक्ती केली. त्याच वर्षी केंटकी राज्यातल्या कीनलँड या मातब्बर रेसकोर्सनेही मातीची धावपट्टी काढून कृत्रिम घातली.

ही कृत्रिम धावपट्टी म्हणजे काही सतरंजी नव्हे. बारीक वाळूत कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे मिसळायचे, त्या सगळ्यावर मेणाचा लेप चढवायचा आणि त्याचा काही इंचांचा थर पसरायचा. खाली पाणी झिरपू देणारा थर आणि निचऱ्याची सोय. पाऊस पडला तरी पाणी वर साचत नाही, ते सरळ खाली जाते. मेणामुळे वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे टाप घसरत नाही आणि धक्काही कमी बसतो. ऊन तापले की मात्र मेण मऊ पडते आणि सकाळची धावपट्टी दुपारी वेगळीच लागते. सांता अनिता रेसकोर्सवर तर पहिल्या कृत्रिम थराचा निचराच नीट होईना, म्हणून २००८ च्या सुरुवातीला शर्यतीचे काही दिवस रद्द करावे लागले आणि पुढे तो थर बदलावा लागला.

पैजा लावणाऱ्यांची झोप उडाली ती त्याच वर्षी. ऑक्टोबरमध्ये ब्रीडर्स कपच्या शर्यती सांता अनितावर कृत्रिम पट्टीवर झाल्या. मुख्य शर्यतीत सगळ्यांचा भरवसा आदल्या वर्षीच्या विजेत्या कर्लिन या घोड्यावर होता. तो चौथा आला. पहिला रेव्हन्स पास आणि दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही युरोपात गवतावर तयार झालेले! कृत्रिम पट्टीवर घोड्याचा पाय ज्या तऱ्हेने पडतो ती तऱ्हा मातीपेक्षा गवताला जवळची आहे. त्यामुळे मातीवरच्या जुन्या वेळा, जुने निकाल यांवरून अंदाज बांधणाऱ्यांची गणिते कोलमडली. शर्यतीवरची पैज हा अंदाजाचा धंदा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. त्या कौशल्यात जमीन ओळखणे हा एक मोठा भाग आहे.

पैजेपेक्षा खोलवर गेला तो पैदाशीचा प्रश्न. अमेरिकेतले घोडे पिढ्यान्‌पिढ्या मातीवर सुसाट सुटणाऱ्या वळूंपासून निपजलेले. पट्टी बदलली तर त्या वळूंची किंमत काय? लाखो डॉलर मोजून शिंगरू घेणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. केंटकी डर्बी ही सर्वांत मानाची शर्यत मातीवरच होत राहिली, त्यामुळे कृत्रिम पट्टीवर तयारी करणे अनेकांना जोखमीचे वाटे. (पुढे २०११ मध्ये आणि २०२२ मध्ये कृत्रिम पट्टीवरची पूर्वतयारीची शर्यत पळून आलेल्या घोड्यांनी डर्बी जिंकली, ही गोष्ट वेगळी.) शेवटी सांता अनिता २०१० च्या अखेरीस मातीवर परतले, कीनलँड २०१४ मध्ये. आकडे मात्र कृत्रिम पट्टीच्याच बाजूने होते. तिकडच्या नोंदींनुसार शर्यतीत जीव गमावणाऱ्या घोड्यांचे प्रमाण मातीवर दर हजार धावांमागे दोनच्या आसपास आणि कृत्रिम पट्टीवर एक ते सव्वा. मातीवर परतलेल्या सांता अनितामध्ये २०१८-१९ च्या एका हंगामात तीस घोडे दगावले, तेव्हा जुना वाद पुन्हा उकरला गेला.

आता आपल्या माळावर येऊ. पुणे जिल्ह्यात घाटात एका वेळी एकच गाडा घड्याळ लावून सोडतात. आपल्याकडे पाच-सात छकड्या शेजारी शेजारी आखलेल्या तासांतून एकदम सुटतात. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. नांगराच्या तासावरूनच हा शब्द आला असावा. कोणाला कोणता तास, हे चिठ्ठी टाकून ठरते. आता मैदान एक असले तरी माती एक नसते. एका कडेला मुरूम वर आलेला, दुसऱ्या कडेला काळी माती. टँकरचे पाणी इकडे जास्त पडले, तिकडे कमी. सकाळच्या गटांनी एखादा तास पार पिठासारखा करून ठेवलेला. जाणता गाडीमालक चिठ्ठी उघडली की आधी तास चालून येतो आणि टाचेने माती उकरून बघतो. सांता अनितावर पैसे लावणाऱ्याला जे कळायला महिने लागले, ते ह्याला टाचेत कळते! कडेला उभे असलेले काही जण त्यावरच पैसे लावतात हेही खरे आहे. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने परवानाधारक घोडेशर्यतीला वाट ठेवली आहे, बैलांच्या शर्यतीवरच्या पैजेला ठेवलेली नाही. त्यामुळे ती पैज चोरूनच चालते आणि फसलेल्याला दाद मागायला जागा नसते.

जमीन हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला आहे. केंद्राच्या २०११ च्या अधिसूचनेने बैलांच्या खेळांवर बंदी आली आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती पूर्ण थांबवल्या. बंदीच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकर यांनी शर्यत जाहीर केली. प्रशासनाने आखलेली धावपट्टीच उखडून टाकली. तेव्हा आयोजकांनी शेजारच्या पठारावर रातोरात दुसरी तयार करून पहाटे गाड्या पळवल्या. त्याची बाजू कोणी कशीही घेवो, एका रात्रीत केलेल्या पट्टीवर बैल पळवणे माझ्यातल्या डॉक्टरला पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. नियमांत पट्टीची लांबी १००० मीटरपेक्षा जास्त नको, खडकाळ, चिखलाची, तीव्र उताराची जमीन किंवा रस्ता नको, असे स्पष्ट लिहिले आहे. ही कलमे मला चाबूकबंदीइतकीच मोलाची वाटतात.

कारण बैलाचा पाय घोड्यासारखा नाही. घोड्याची टाप एकसंध, बैलाचा खूर दोन फाकांचा. कडक मुरमावर खूर झिजतो, पत्री निसटते, फाकांमध्ये खडा घुसतो. उलट सैल मातीत खूर रुततो आणि गुडघ्यावर, खांद्यावर ताण येतो. शिवाय घोडा एकटा पळतो, बैल जुवाखाली जोडीदाराला बांधलेला असतो. एक घसरला की दुसराही त्याच्याबरोबर जातो, आणि मागे छकडी असतेच.

पैदाशीतही आपली गोष्ट तिथल्यासारखीच वळण घेते आहे. खिल्लार हा माणदेशाचा बैल: चिवट, कमी चाऱ्यावर निभावणारा, कठीण खुराचा. त्याचे मूळ म्हैसूरच्या हळ्ळीकर जातीशी जोडले जाते. ट्रॅक्टर आल्यावर शेतातले त्याचे काम गेले, गाय दुधाला थोडी, आणि बंदीच्या काळात खोंडाला गिऱ्हाईक राहिले नाही. खरसुंडीच्या पौषी यात्रेतला बाजार त्याची साक्ष देई. शर्यती सुरू झाल्या आणि दर पुन्हा चढले. आता बकासूर, मथुर ही बैलांची नावे शाळकरी पोरांच्या तोंडी आहेत, आणि बक्षिसाला मोटारी ठेवल्या जातात. पूर्वी खोंड औताला लावण्याआधी खच्ची करत. तो कितीही पळो, त्याचा वंश पुढे जात नसे. आता नावाजलेला बैल तसाच ठेवण्याकडे कल आहे आणि लांबून लोक त्याच्याकडे गाई घेऊन येतात. यात खिल्लार वाचेल याचा मला आनंद आहे. पण कोणता खिल्लार वाचेल? काहीशे मीटर सपाट, भुसभुशीत पट्टीवर सुसाट सुटणारा हलका, उंच पायाचा बैल निवडत गेलो, तर ओझे ओढणारा, खडकावर टिकणारा खूर दोन-चार पिढ्यांत मागे पडू शकतो. घोड्यांची वंशनोंद वहीत असते. आपल्याकडे बैलाचा बाप कोण हे मालक सांगेल ते.

मग आपण कृत्रिम पट्टी घालावी का? नाही. वर्षातून एक-दोन दिवसांच्या मैदानासाठी तो खर्च परवडणार नाही, आणि एप्रिलच्या माणदेशी उन्हात त्या मेणाचे काय होईल ते सांगायला नको. आपल्या मातीतच बरेच करता येते. आठ-दहा दिवस आधी पट्टी नांगरून दगड वेचावेत, सगळ्या तासांना सारखे पाणी द्यावे, आदल्या दिवशी रोलर फिरवावा. दर चार-पाच गटांनंतर फळी फिरवून तास सारखे करावेत. आणि निशाणाच्या पुढे भरपूर मोकळी, मऊ जमीन ठेवावी, कारण जोरात सुटलेली जोडी निशाणापाशी थांबत नाही. मी तपासलेल्या पायांपैकी पुष्कळ पाय निशाणाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे मोडले होते. तिथे कोणी दगड वेचलेले नसतात आणि बघ्यांच्या मोटारसायकली उभ्या असतात.