येशूच्या जागी प्रेयसी

नोव्हेंबर १९५४. अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत गायक रे चार्ल्सने ‘आय गॉट अ वुमन’ ध्वनिमुद्रित केलं. ‘सदर्न टोन्स’ या चमूच्या ‘इट मस्ट बी जीझस’ या गॉस्पेल गाण्यावर, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतावर बेतलेलं. येशूच्या जागी प्रेयसी आली, एवढंच! भाविक खवळले, पण १९५५मध्ये गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत अव्वल ठरलं.

सॅम कुक जास्त सावध. ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल चमूचा हा लाडका गायक; पहिलं प्रेमगीत त्याने ‘डेल कुक’ या टोपणनावाने काढलं. आवाज थोडाच लपतो? श्रोत्यांनी तो ओळखलाच. १९५७चं ‘यू सेंड मी’ मग त्याच्या खऱ्या नावाने आलं आणि पॉपच्या यादीतही पहिलं आलं.

अरिथा फ्रँकलिन तर डेट्रॉइटच्या धर्मोपदेशकाची मुलगी. गॉस्पेल आणि प्रेमगीतांच्या या मिश्रणाची, म्हणजे ‘सोल’ची राणी झाल्यावर १९७२मध्ये ती लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये पुन्हा गॉस्पेल गायली. ‘अमेझिंग ग्रेस’ हा तो अल्बम तिच्या सर्व अल्बममध्ये सर्वाधिक खपला.