उंची मोजायला शेंड्यापर्यंत चढावं लागत नाही

दहावीच्या गणितातली त्रिकोणमिती म्हणजे सूत्रं पाठ करायची, पेपरात उतरवायची आणि विसरून जायची, हा समज भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीपासून मुंबईपर्यंत सगळीकडे सारखाच आहे. खरं तर उंची आणि अंतराची उदाहरणं मोजणीची आहेत. उत्तर किती बरोबर येणार, हे सूत्रापेक्षा आपण अंतर आणि कोन किती काळजीने घेतला यावर ठरतं. हा मुद्दा सुटला की गैरसमज सुरू होतात.

पहिला गैरसमज म्हणजे वस्तूच्या पायथ्याशी पोहोचल्याशिवाय उंची काढता येत नाही. समजा तलावापलीकडे मोबाइल टॉवर आहे. अलीकडच्या काठाच्या 40 मीटर मागून त्याच्या टोकाचा उन्नत कोन 30 अंश येतो आणि टॉवरच्या दिशेने सरळ 40 मीटर पुढे, काठापर्यंत आल्यावर 60 अंश होतो. एवढ्यावरून नजरेच्या पातळीपासून टॉवर सुमारे 34.6 मीटर उंच आणि उरलेलं अंतर 20 मीटर, हे पाण्यात पाय न घालता कळतं. हेच तत्त्व देशाच्या पातळीवर वापरलं गेलं. 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी एक आधाररेषा साखळीने मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारताची मोजणी सुरू केली. हे काम चालू असतानाच 1823 मध्ये विदर्भातल्या हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. पुढे याच सर्वेक्षणात दीडशे किलोमीटरहून लांबच्या ठिकाणांवरून घेतलेल्या कोनांवर राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड केली आणि एव्हरेस्टची उंची 29,002 फूट निघाली. आजची मान्य उंची 8,848.86 मीटर आहे. दोन्हींतला फरक जेमतेम 9 मीटरचा. तेव्हा शिखरावर कुणीही पोहोचलेलं नव्हतं.

दुसरा गैरसमज असा की कोन दुप्पट झाला की उंचीही दुप्पट. 20 मीटरवरून 30 अंशाच्या कोनाला उंची 11.5 मीटर येते, 60 अंशाला 34.6, म्हणजे तिप्पट. कोन वाढतो तसा टॅनजंट जास्त वेगाने वाढतो, म्हणून झाडाच्या बुंध्याला चिकटून उभं राहणं हिताचं नाही. 20 मीटर उंचीच्या मोहाच्या झाडाचा कोन 20 मीटरवरून 45 अंश असतो. तिथे एका अंशाची चूक झाली तर उत्तर सुमारे 70 सेंटिमीटरने चुकतं. तेच झाड साडेपाच मीटरवरून पाहिलं तर तेवढ्याच चुकीने फरक दीड मीटरपर्यंत जातो.

यासाठी महागडी उपकरणं लागतात, असंही अनेकांना वाटतं. शाळकरी कामाला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडा आणि टोकाला नट बांधा. नळीतून समोर सरळ पाहिलं की दोरा 90 वर येतो. शेंड्याकडे पाहताना तो 90 पासून जितका सरकेल तोच उन्नत कोन. पुष्कळ जण दोऱ्याखालचा आकडाच कोन म्हणून लिहितात, आणि मिळालेल्या उंचीत जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवायची विसरतात. शिवाय मोजणारा आणि झाड एकाच पातळीवर हवेत. धानाच्या बांधीत उभं राहून वरच्या बांधीतलं झाड मोजलं, तर दोन बांध्यांमधला फरकही हिशेबात घ्यावा लागतो.

आता फोनमधलं अ‍ॅप हे सगळं करतं, मग शिकायचं कशाला, असा आक्षेप येईल. पण असं अ‍ॅपही बहुधा फोनचा कल आणि आपण दिलेलं अंतर याच दोन गोष्टींवर चालतं. अंतर अंदाजपंचे दिलं तर उत्तरही अंदाजपंचेच येणार, आणि ते चुकलंय हे ओळखायला त्रिकोणच कळायला हवा. म्हणून शिक्षकांना विनंती आहे की या प्रकरणाचा एक तास तरी मैदानावर घ्या. मुलांनी एकच झाड दोन वेगवेगळ्या अंतरांवरून मोजावं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का, हे स्वतः तपासावं.