युद्धविद्येच्या एका आचार्याची धर्मश्रद्धा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंत कराटे शिकविण्यास आरंभ झाला, तेव्हां नववीच्या वर्गांतील एका मुलानें आम्हांस गांठून विचारलें, "सर, शत्रूवरही प्रीति करावी असें आम्ही सकाळच्या प्रार्थनेंत ऐकतों, आणि सायंकाळीं त्याच मैदानावर दुसऱ्यास ठोसा कसा मारावा हें शिकतों. ह्यांतलें खरें कोणतें?" भोंवतालचीं मुलें हंसलीं, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचें उत्तर त्या क्षणीं आमच्याजवळ नव्हतें. "विचार करून सांगूं," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या ऋणाची फेड होय.

हाच प्रश्न ज्यांनीं जन्मभर उराशीं बाळगला असे एक आचार्य जपान देशांत होऊन गेले. त्यांचें नांव मोरिहेइ उएशिबा. आज जगांतील अनेक देशांत, आणि आपल्या मुंबई-पुण्याकडेही, आइकिदो नांवाची जी युद्धविद्या शिकविली जाते, तिचे हे जनक होत. त्यांचे डाव पुष्कळांस ठाऊक असतात; परंतु त्या डावांच्या मुळाशीं असलेली त्यांची श्रद्धा फारच थोड्यांस ठाऊक असते. म्हणून तिचा परिचय वाचकांस करून द्यावा असें आम्ही योजिलें आहे.

उएशिबा ह्यांचा जन्म 14 डिसेंबर 1883 रोजीं किइ द्वीपकल्पांतील तानाबे गांवीं झाला. ह्या गांवाजवळच कुमानो येथील प्राचीन देवस्थानें आहेत. आई भाविक, वडील गांवांतील वजनदार गृहस्थ, आणि मुलगा मात्र अंगानें अशक्त व वाचनांत रमणारा! बालपणीं तो एका बौद्ध मंदिरांत मंत्र व स्तोत्रें शिकला. मुलाचें शरीर सुधारावें म्हणून वडिलांनीं त्याला कुस्ती व पोहणें ह्यांचा नाद लाविला. पुढें सैन्यांत भरती होण्यास गेला तेव्हां उंची कमी पडली. पांच फुटांहून थोडीशीच अधिक उंची असलेल्या ह्या तरुणानें झाडांस लोंबकळून अंग ताणिलें, आणि शेवटीं 1903 मध्यें तो शिपाई झालाच. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धांत त्यानें रणभूमि पाहिली.

युद्धानंतर 1912 मध्यें ते पन्नासांहून अधिक कुटुंबें बरोबर घेऊन उत्तरेकडील होक्काइदो बेटावर रान तोडून वसाहत करण्यास गेले. तेथें 1915 मध्यें त्यांची गांठ सोकाकु ताकेदा ह्या कठोर व निष्णात गुरूशीं पडली. ताकेदांची विद्या मनगट व कोंपर धरून सांधे पिरगाळण्याची व शत्रूस निकामी करण्याची होती. ती उएशिबांनीं मन लावून संपादन केली. आतां त्यांस पाडील असा मल्ल विरळाच! परंतु बळ आलें म्हणजे समाधान येतेंच असें नाहीं, हें त्यांस लवकरच कळून आलें.

1919 च्या अखेरीस वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. घराकडे निघालेले उएशिबा वाटेंत आयाबे ह्या गांवीं उतरले. कारण तेथील ओमोतो पंथाचे पुढारी ओनिसाबुरो देगुचि ह्यांच्या प्रार्थनेनें रोगी बरे होतात असें त्यांनीं ऐकिलें होतें. घरीं पोहोंचले तों वडिलांनीं देह ठेविला होता. शोकानें ते वेडेपिसे झाले, आणि 1920 मध्यें सहकुटुंब आयाबेस जाऊन राहिले. त्याच वर्षीं त्यांचे दोन लहान मुलगे आजारानें गेले. एका वर्षांत पिता व दोन पुत्र! ज्या हातांनीं कोणासही जमिनीवर लोळवितां येत असे, त्या हातांस मृत्यूची पकड सोडवितां आली नाहीं. त्यांच्या धर्मजिज्ञासेचें मूळ आम्हांस तरी येथेंच दिसतें.

ओमोतो पंथाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. नाओ देगुचि नांवाच्या अत्यंत दरिद्री स्त्रीस 1892 मध्यें देवाचा संचार होऊं लागला. अक्षरओळख जेमतेम असतां तिनें पानेंच्या पानें लिहिलीं. ह्या जुन्या जगाची पुनर्घटना होऊन दीनांस न्याय मिळेल, असा तिच्या लिखाणाचा आशय होता. तिचे जांवई ओनिसाबुरो ह्यांनीं त्यांत आणखी एक तत्त्व घातलें, तें असें कीं, सर्व धर्मांचें मूळ एकच आहे. जपानी सरकारास हा पंथ खपला नाहीं. 1921 मध्यें एकदां, आणि 1935 मध्यें त्याहून क्रूरपणें, त्याचा छळ झाला व मंदिरें उध्वस्त करण्यांत आलीं.

1924 मध्यें उएशिबा आपल्या ह्या धर्मगुरूबरोबर मंगोलियांत धर्मराज्य स्थापण्याच्या धाडसी खटपटींत गेले. तेथें सर्व मंडळी पकडली जाऊन त्यांस बेड्या पडल्या, देहान्ताची आज्ञाही झाली. परंतु जपानी वकिलातीनें मध्यस्थी केल्यामुळें प्राण वांचले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे 1925 मध्यें, त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारा प्रसंग घडला. एक आरमारी अधिकारी लांकडी तरवार घेऊन त्यांच्यावर चालून आला. उएशिबांनीं हातांत कांहींच घेतलें नाहीं. प्रत्येक घाव पडण्यापूर्वींच त्यांस जाणवे व ते बाजूस सरत. शेवटीं तो अधिकारी थकून बसला. त्यास एकही इजा झाली नव्हती. त्यानंतर परसांत विहिरीकडे गेले असतां आपणांस सोनेरी प्रकाशानें वेढिलें आहे, आपण व विश्व एकच आहों, असा अनुभव आपणांस आला, असें ते पुढें सांगत. युद्धविद्येचें मूळ ईश्वराच्या प्रेमांत आहे, असा त्यांनीं त्या दिवशीं निश्चय केला.

आतां त्यांच्या श्रद्धेचीं मुख्य अंगें क्रमानें पाहूं.

पहिलें अंग मेळाचें. 'आइ' म्हणजे मेळ, 'कि' म्हणजे प्राणशक्ति, आणि 'दो' म्हणजे मार्ग. जपानी भाषेंत 'आइ' ह्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे व त्याचा अर्थ प्रेम असा होतो. उएशिबा ह्या दोहोंची सांगड घालीत. आपल्या कानांस त्यांत 'आई' ऐकूं येते, हा केवळ योगायोग; पण गोड योगायोग!

दुसरें अंग शुद्धीचें. थंड पाण्यानें स्नान, प्रार्थना व श्वासाचा नियम ह्यांनीं अंतर्बाह्य मळ धुवून काढावा, ह्या शिंतो आचारास जपानी भाषेंत मिसोगि म्हणतात. आपली विद्या हीच एक मिसोगि आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

तिसरें अंग शब्दाचें. ध्वनींत सृष्टि निर्माण करण्याचें सामर्थ्य आहे, असें ते मानीत व पहाटे उठून मंत्रोच्चार करीत. हें ऐकून कोणास आपल्याकडील ओंकार आठवेल, तर कोणास योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ. परंतु साम्य म्हणजे ऐक्य नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. प्रत्येक धर्माचा शब्द त्या त्या घरांतच समजून घ्यावा.

चौथें अंग जयाचें. कोजिकी ह्या प्राचीन जपानी ग्रंथांतील एका देवाच्या नांवांत जे शब्द येतात, त्यांवरून ते असें शिकवीत कीं, खरा जय तोच, जो मनुष्य स्वतःवर मिळवितो. म्हणून त्यांनीं आपल्या विद्येंत सामने ठेविले नाहींत, आणि मुख्य परंपरेंत ते अद्यापि नाहींत.

पांचवें अंग शेतीचें. नांगर व युद्धविद्या हीं एकाच कामाचीं दोन रूपें, असें ते म्हणत व स्वतः मातींत राबत.

ही श्रद्धा डावांत कशी उतरते तें पहावें. समोरच्यानें मनगट धरून ओढिलें तर आपण स्वभावतः उलट ओढितों, आणि दोघांचें बळ एकमेकांवर आदळतें. उएशिबांचा शिष्य तसें करीत नाहीं. तो एक पाऊल पुढें टाकून त्याच्या बाजूस जातो, अथवा जागच्या जागीं फिरून तो पाहतो त्याच दिशेकडे पाहूं लागतो. हल्ल्याचा वेग अडविला जात नाहीं. तो वळविला जातो, व हल्ला करणारा आपल्याच वेगानें खालीं येतो. सराव करणारे दोघे आळीपाळीनें पाडणारे व पडणारे होतात. इजा न होतां कसें पडावें, हेंच नवख्यास आधीं शिकावें लागतें. पडल्याचा ज्याला नित्य अनुभव आहे, तो दुसऱ्यास पाडतांना सहसा उन्मत्त होत नाहीं.

येथवर सर्व ठीक. पण आमच्या विद्यार्थ्यास अर्धेंच सत्य सांगणें हा अन्याय होईल. प्रेमाचा साक्षात्कार 1925 मध्यें झाला, आणि तरीही पुढील पंधरा वर्षें उएशिबा लष्करी व आरमारी विद्यालयांत शिकवीत राहिले. त्यांच्या शिष्यांपैकीं कित्येक चीनवर व पुढें साऱ्या आशियावर चालून गेलेल्या सैन्याचे अधिकारी होते. ज्या विद्येस ते प्रेम म्हणत, ती प्रेम नसणाऱ्यांच्याही हातीं गेली. 1942 मध्यें, युद्ध ऐन भरांत असतां, त्यांनीं टोकियो सोडून इवामा ह्या खेड्यांत शेती आरंभिली व तेथें एक लहान देऊळ बांधिलें. ह्या निघून जाण्यांत प्रकृतीचा भाग किती व मनाच्या टोंचणीचा किती, ह्याचा निवाडा करणारे आम्ही कोण? एवढें मात्र दिसतें कीं, युद्धानंतर त्यांच्या मुखीं शांतीची भाषा अधिक स्पष्ट होत गेली. 26 एप्रिल 1969 रोजीं ते निवर्तले.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. आपला पंथ स्वीकारावा अशी अट त्यांनीं शिष्यांस कधीं घातली नाहीं. त्यांचीं देवादिकांचीं लांबलचक भाषणें बहुतेक शिष्यांस समजतही नसत, असें त्या शिष्यांनींच प्रांजळपणें सांगून ठेविलें आहे. त्यांचे पुत्र किश्शोमारु ह्यांनीं पुढें तीच विद्या साध्या भाषेंत जगापुढें मांडिली. त्यामुळें आज बौद्ध, हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती व धर्म न मानणारे असे सर्वच ती शिकतात. आम्हांस उएशिबांचा पंथ मान्य करितां येत नाहीं, आणि आमचा त्यांस करितां आला असता असेंही नाहीं. पण परक्या घरीं दिवा दिसला तर तो दिवा नव्हे असें म्हणण्याचें आम्हांस कारण नाहीं.

तेव्हां, मुला, तुझ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सुचतें तें असें. हात वळविण्याची विद्या स्वतः साधूही नाहीं व चोरही नाहीं. ती कोणत्या मनाच्या हातीं आहे ह्यावर सर्व अवलंबून. ज्याच्या अंगीं बळच नाहीं त्याची क्षमा पुष्कळदां भीतीच असते. ज्याला पाडतां येतें, तरी जो समोरच्यास जपून खालीं ठेवितो, त्याच्या क्षमेस अर्थ आहे. परंतु मोठमोठ्या आचार्यांसही आपली विद्या कोणाच्या हातीं जाते हें नेहमीं राखितां आलें नाहीं; म्हणून सायंकाळच्या मैदानाची परीक्षा सकाळच्या प्रार्थनेनें रोज घेत जा. दोहोंत विरोध दिसला तर मैदान सोडण्यापूर्वीं मन तपासून पहा. आम्हीही तेंच करीत आहों.