कॅरॅव्हॅनमधला फ्रिज : गिऱ्हाइकाला कोणता सांगावा?

गाडीतच राहण्या-झोपण्याची सोय करून सहलीला निघायची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणच मंजूर केले. बॉडी बांधणारे, वायरिंग करणारे आणि फ्रिज दुरुस्त करणारे आमचे अनेक वाचक या धंद्यात आहेत. गिऱ्हाईक त्यांना पहिला प्रश्न विचारते तो फ्रिजचा, आणि येथे सल्ला चुकला तर मे महिन्यात दूध नासते, सकाळी गाडी सुरू होत नाही आणि बोल मात्र कारागिराला लागतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. सर्वांत स्वस्त तो कंप्रेसर नसलेला, नुसत्या विजेच्या चकतीवर गार होणारा डबा. तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५-२० अंश खाली जातो. म्हणजे बाहेर ४० अंश असताना आत २० च्या वरच! इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, तेव्हा घरात मधुमेहाचा रुग्ण असलेल्या गिऱ्हाइकाला हा डबा विकणे आम्हाला तरी बरोबर वाटत नाही.

दुसरा गॅसच्या ज्योतीवर चालणारा. आवाज नाही, बॅटरीवर भार नाही. पण गाडी सपाट उभी हवी, धूर बाहेर काढायची वाट हवी आणि पेट्रोल पंपावर ज्योत विझवलीच पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात त्याचा दमही लवकर संपतो.

राहिला तिसरा, १२ किंवा २४ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज. किंमत जास्त, पण हिशेब पाहा. स्वस्त डबा सुमारे ४ अँपिअर घेतो आणि गरमीत थांबतच नाही. २४ तासांत ९६ अँपिअर-तास गेले. कंप्रेसरही चालताना तेवढेच घेतो, पण गार झाला की बंद पडतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तरी ४८. अॅसिडची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे एक दिवस-रात्र निभावते. झाकण वरून उघडणारा असेल तर उत्तम, कारण गार हवा जड असते, ती सांडत नाही.

घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर लावून द्या, असे म्हणणारेही भेटतात. सुरू होताना तो काही पट वीज ओढतो आणि इन्व्हर्टर आपला वाटा खातो, तो वेगळाच.

आता वायरीबद्दल, कारण खरी बेइज्जती येथेच होते. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटर लांब असेल आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये सुमारे अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरी थोडी उतरली की फ्रिज आपणहून बंद होतो, आणि गिऱ्हाईक म्हणते माल खराब दिला. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाका, फ्यूज बॅटरीजवळच बसवा, लायटरच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका. फ्रिजची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा आणि कंप्रेसरच्या बाजूला हवा खेळायला जागा सोडा. सुतारकाम सुबक दिसावे म्हणून चारी बाजूंनी प्लायवूड ठोकलेले फ्रिज आम्ही पाहिले आहेत. ते दिवसभर धापा टाकत असतात.

गिऱ्हाइकाला एवढे जरूर सांगा, की निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज गार करून घ्या आणि सामान गार असतानाच भरा.