बंदुकीचा परवाना

कोकणांतील एखाद्या जुन्या घरीं गेलें असतां माजघरांत खुंटीला टांगलेली ठासणीची बंदूक कधीं कधीं दृष्टीस पडते. घरचा कर्ता पुरुष अभिमानानें सांगतो, "ही आमच्या आजोबांची." आजोबा वारून सात वर्षें झालीं, अशी कल्पना करूं. तेव्हांपासून ती बंदूक कोणीं उडविलेली नाहीं. दसऱ्याच्या दिवशीं तिला फूल वाहावयाचें, एवढाच काय तो तिचा उपयोग. घरच्या मंडळींस वाटतें, शेत आमचें, घर आमचें, तशी बंदूकही आमचीच. कायदा मात्र येथें निराळें बोलतो. परवाना आजोबांच्या नांवाचा होता. त्यांच्या पश्चात् ती बंदूक जवळ ठेवण्याचा अधिकार घरांत कोणासच उरला नाहीं. चोरी नाहीं, मारामारी नाहीं, मनांत वाईट हेतुही नाहीं. तरी एका सज्जन कुटुंबावर तुरुंगवासाचें संकट येऊं शकतें.

असें कां व्हावें, हें उमजण्यासाठीं परवाना म्हणजे काय, तें आधीं पाहिलें पाहिजे. आपण घर घेतों, बैल घेतों, भांडीं घेतों, आणि त्यांवर आपला मालकी हक्क उत्पन्न होतो. बंदुकीचें तसें नाहीं. बंदुकीसाठीं आपण पैसे मोजले, तरी ती जवळ बाळगण्याची मोकळीक आपणांस परवान्यानेंच मिळते. या मोकळिकीला चार मर्यादा असतात: ती ठराविक माणसास असते, ठराविक शस्त्रापुरती असते, ठराविक मुलखापुरती असते आणि ठराविक मुदतीपुरती असते. या चारांपैकीं एक जरी मर्यादा ओलांडली, तरी परवाना खिशांत असून नसल्यासारखा होतो.

या कायद्याचा पूर्वेतिहास फारसा गोड नाहीं. इंग्रजी अमदानींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. त्याच्या अंमलांत युरोपियन लोकांस सूट मिळे आणि या देशांतील माणसास मात्र परवान्यासाठीं सरकारदारीं जावें लागे. हा भेद लोकांच्या मनास लागून राहिला होता. १८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनांत त्या कायद्याविरुद्ध ठराव झाला, यावरून ती बोच किती जुनी होती तें दिसून येतें. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेनें १९५९ सालीं नवा शस्त्र अधिनियम केला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. आज त्याच्या जोडीला २०१६ सालचे शस्त्र नियम आहेत, आणि २०१९ सालीं मूळ कायद्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झालेल्या आहेत. नव्या कायद्यांत जातिवंशाचा भेद नाहीं. इतकेंच नव्हे, तर अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, केवळ एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें वाक्य मोलाचें आहे.

परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास, म्हणजे सामान्यतः आपल्या जिल्हाधिकाऱ्यास असतो. मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या शहरांत तो पोलीस आयुक्ताकडे असतो. अर्जदाराचें वय एकवीस वर्षें पूर्ण झालेलें असावें लागतें. हिंसेच्या किंवा नीतिबाह्य वर्तनाच्या गुन्ह्याबद्दल ज्यानें तुरुंगवास भोगला, त्यास सुटकेनंतर पांच वर्षेंपर्यंत शस्त्र बाळगतां येत नाहीं. ज्याचें चित्त ठिकाणावर नाहीं त्यासही तें बाळगण्याची मनाई आहे. अर्ज आला म्हणजे अधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवितो. अर्जदाराची वागणूक कशी आहे, त्यास शस्त्राची गरज खरोखर आहे काय, तें तो घरीं सुरक्षित कसें ठेवणार, या गोष्टींची चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखलाही २०१६ च्या नियमांनीं आवश्यक ठरविला आहे.

अर्ज नामंजूर झाला तर तो कां झाला, याचीं कारणें अधिकाऱ्यानें लेखी नमूद करावीं लागतात, आणि मागितल्यास तीं अर्जदारास द्यावीं लागतात. सार्वजनिक हिताच्या दृष्टीनें तीं न सांगणेंच इष्ट वाटलें, तर गोष्ट निराळी. नकाराविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करण्याची वाटही मोकळी आहे. म्हणून, ओळखीपाळखीचा आधार शोधण्यापेक्षां खरी गरज नीट मांडणें आणि नकार आल्यास त्याचीं कारणें मागणें, हाच सरळ मार्ग होय.

आतां खरेदीकडे वळूं. येथें क्रम महत्त्वाचा आहे: आधीं परवाना, मग बंदूक. बंदूक आधीं आणावी आणि परवाना मागाहून करावा, असा विचार कोणीं स्वप्नांतही करूं नये. विकणारा दुकानदारही परवानेदारच असावा लागतो. घेतलेल्या शस्त्राची जात, त्याची नळी व त्यावरील क्रमांक यांची नोंद परवान्यावर होते. काडतुसें किती घ्यावयाचीं व किती बाळगावयाचीं, याचाही आंकडा तेथें असतो. एका माणसाजवळ पूर्वीं तीन शस्त्रें असूं शकत. २०१९ च्या दुरुस्तीनें ही संख्या दोनवर आणली. त्याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली. मुदत संपण्यापूर्वीं नूतनीकरण करून घेणें ही परवानेदाराची जबाबदारी आहे. घोडा दाबून धरला असतां गोळ्या एकसारख्या सुटत राहतात, अशा स्वयंचलित बंदुकांची गणना निषिद्ध शस्त्रांत होते, आणि त्यांचा दरवाजा सामान्य नागरिकास बंद आहे. आपली बंदूक दुसऱ्या परवानेदारास विकावयाची झाली, तरी ती परस्पर हातांत देतां येत नाहीं. तसा इरादा अधिकाऱ्यांस लेखी कळवून ४५ दिवस वाट पाहावी लागते.

खरेदी झाल्यावर प्रश्न येतो तो शस्त्र बरोबर नेण्याचा. परवाना एका जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता आहे, कीं साऱ्या देशापुरता आहे, हें त्यावर लिहिलेलें असतें. रत्नागिरी जिल्ह्यापुरता परवाना असलेला गृहस्थ बंदूक गाडींत टाकून कोल्हापुरास निघाला, तर घाट चढल्यावर तो गुन्हेगार ठरूं शकतो. सार्वजनिक ठिकाणीं पिस्तूल नेतांना तें म्यानांत, अंगाशीं बांधलेलें व झांकलेलें असावें. मोठी बंदूक तिच्या आवरणांत असावी. शस्त्र परजून दाखविणें आणि चव्हाट्यावर बार काढणें यांस सक्त मनाई आहे. पोलिसानें विचारलें तर परवाना दाखविणें बंधनकारक आहे. निवडणुकीच्या दिवसांत अधिकारी परवान्यांची छाननी करून कांहीं जणांस शस्त्रें जमा करावयास सांगतात. तो कोणाचा अपमान नव्हे. सार्वजनिक शांततेसाठीं केलेली ती तात्पुरती तजवीज होय.

बंदूक दुरुस्तीस किंवा परवाना नूतनीकरणास न्यावयाची आहे आणि मालक अंथरुणास खिळलेला आहे, अशा वेळीं काय करावें? कायद्यानें यासाठीं सोय ठेवली आहे. मालकाचें लेखी अधिकारपत्र घेऊन दुसऱ्या माणसास ती नेतां येते. नुसत्या तोंडी सांगण्यावर भाच्यास किंवा गड्यास पाठविलें, तर त्या बिचाऱ्यावर विनाकारण संकट यावयाचें.

लग्नाच्या वरातींत आनंदाच्या भरांत बार काढण्याची हौस कांहींजणांस असते. आकाशांत गेलेली गोळी आकाशांत राहत नाहीं, ती कोठें तरी खालीं येते. आणि मांडवांतील एखाद्या निरपराध पाहुण्याचा जीव त्या हौसेपायीं जातो. यास्तव २०१९ च्या दुरुस्तीनें असा बेफिकीर गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरविला. त्यास दोन वर्षेंपर्यंत कैद, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

शेतकऱ्यांच्या मनांतील एका गैरसमजाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. पिकाच्या रक्षणासाठीं बंदुकीचा परवाना मिळूं शकतो. प्रथम ठासणीच्या बंदुकीचा विचार होतो. ती पुरेशी नाहीं असें अधिकाऱ्यास पटलें, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळूं शकते. परंतु हा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें रानांतील प्राण्यांस संरक्षण दिलें आहे. रानडुक्कर शेत उद्ध्वस्त करीत असलें, तरी त्यास मारण्यासाठीं वनखात्याची अनुमति निराळी घ्यावी लागते. शस्त्राचा कायदा बंदूक हातीं देतो. ती कोणत्या प्राण्यावर रोखावी, हें सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्याचा आहे. अभयारण्यांत किंवा त्याच्या दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या परवानेदारानें आपलें नांव वनखात्याकडे नोंदविणेंही आवश्यक आहे.

आतां पुन्हां त्या खुंटीवरच्या बंदुकीकडे येऊं. परवानेदार वारला, मुदत संपली, किंवा परवाना रद्द झाला, म्हणजे ज्याच्या ताब्यांत शस्त्र असेल त्यानें तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत अथवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करावें, असा नियम आहे. जमा करणें म्हणजे गमावणें नव्हे. वारसास आपल्या नांवानें परवान्यासाठीं अर्ज करतां येतो, आणि तो मिळाल्यावर तीच बंदूक सन्मानानें घरीं आणतां येते. याहूनही चांगली तरतूद आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. परवानेदारानें वयाचीं सत्तर वर्षें गांठलीं, किंवा शस्त्र त्याच्याजवळ पंचवीस वर्षें राहिलें, यांपैकीं जें आधीं घडेल तें घडल्यावर, त्यास आपल्या हयातींतच वारसाचें नांव सुचवितां येतें व त्या वारसास परवाना मिळूं शकतो. आजोबांनीं हें आपल्या हातानें केलें असतें, तर नातवावर ही पाळी आली नसती.

आणि हें न करतां बंदूक तशीच खुंटीवर राहूं दिली तर? विनापरवाना शस्त्र बाळगण्याबद्दल आज कमींत कमी दोन वर्षांची व जास्तींत जास्त पांच वर्षांची कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा सांगितली आहे. सात वर्षें उशीर झाला असेल, तर त्या उशिराबद्दल प्रश्न विचारले जातील, हें खरें. एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन, आजोबांचा जुना परवाना व मृत्यूचा दाखला हातीं घेऊन, आपण होऊन ठाण्यांत जावें हें उत्तम. लपवून ठेवलेला उशीर रोज एका दिवसानें वाढतच असतो.

श्रोतेहो, आपल्या घरीं किंवा नात्यांतील कोणाच्या घरीं अशी बंदूक असेल, तर आज रात्रीं एवढेंच करा: तिचा परवाना शोधून काढा आणि त्यावरील नांव व तारीख वाचा. नांव हयात माणसाचें असेल व तारीख पुढची असेल, तर स्वस्थ झोंपा. तसें नसेल, तर उद्यांच्या पहिल्या कामांत हें काम धरा.